पूर्वजांची कबर शोधायची तर आधी वही, मग दफनभूमी

दफनभूमीचं फाटक ढकलायचं, रांगेने दगडांवरची नावं वाचत जायचं आणि कुठेतरी पणजोबांचं नाव दिसेल अशी आशा धरायची. नवखा माणूस बहुतेक अशीच सुरुवात करतो. दोन-तीन रविवार उन्हात जातात, पँटीला कुसळं चिकटतात आणि मग 'काही सापडत नाही' म्हणून विषय बंद होतो. दोष त्याच्या डोळ्यांचा नसतो. आपल्याकडच्या बऱ्याच कबरींवर दगड कधी बसलेलाच नसतो.

दुसरं कारण जागेचं. मुंबई, वसई, गोवा इथल्या कॅथलिक दफनभूमींत एकच कबर पुन्हा पुन्हा वापरली जाते. काही वर्षांनी ती उघडतात, अस्थी गोळा करून भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामायिक अस्थिकुंडात ठेवतात आणि त्याच जागी दुसऱ्याला माती देतात. कायमची कबर विकत घेणारी घरं मोजकीच. त्यामुळे १९२० साली गेलेल्या माणसाच्या जागी आज भलत्याच माणसाचं नाव दिसलं तर बिचकू नका. ते नाव नंतरच्या पाहुण्याचं आहे. तुमच्या माणसाचा पुरावा चर्चच्या ऑफिसातल्या कपाटात, दफनाच्या वहीत असतो.

हा लेख मुख्यतः मराठी ख्रिस्ती कुटुंबांसाठी आहे, कारण कागद सर्वात जास्त त्यांच्याकडे उरले आहेत. बेने इस्रायल (कोकणातले मराठी ज्यू), परदेशी लढाईत गेलेले शिपाई आणि इतर दफन करणारे समाज यांच्याविषयी शेवटाकडे लिहिलं आहे.

घरातली चौकशी

चार गोष्टी हव्यात: पूर्ण नाव, मृत्यूचं साल, मृत्यूचं गाव आणि कुठल्या चर्चचे सभासद. यातली शेवटची गोष्ट लोक विचारायलाच विसरतात, आणि नेमकी तीच सर्वात महत्त्वाची.

घरात जुनं बायबल असेल तर त्याची पहिली आणि शेवटची कोरी पानं बघा. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू या तारखा तिथे लिहून ठेवण्याची पद्धत होती. प्रार्थनेच्या पुस्तकात खोचलेली मयताची छापील कार्डं, मिशन शाळेतल्या नोकरीचे कागद, विम्याची किंवा पेन्शनची पत्रं, हेही काढा.

म्हाताऱ्या माणसांना 'कबर कुठे आहे?' असं विचारलं तर 'काय माहीत बाबा' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: 'मातीला कोण कोण आलं होतं? प्रेत खांद्यावरून नेलं की गाडीतून? वाटेत काय लागलं? प्रार्थना कोणत्या पाळकांनी केली?' आत्याला चर्चचं नाव आठवणार नाही, पण 'रेल्वेचं फाटक ओलांडून गेलो, उजव्या हाताला चिंचेची झाडं होती' हे बरोबर आठवेल. पाळकाचं नाव मिळालं तर फारच उत्तम, कारण ते नाव वहीतल्या सहीशी जुळवता येतं.

साल आठवत नसेल तर मोठ्या घटनेला गाठ मारून विचारा. मुंबईच्या गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४ चा, पानशेत १२ जुलै १९६१ चं, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, मोठा दुष्काळ १९७२ चा. 'पानशेत फुटलं तेव्हा आजोबा होते का?' या एका प्रश्नाने दहा वर्षांचा घोळ मिटतो. त्याहून जुन्या माणसांसाठी १८९६ ची प्लेगची साथ आणि १९१८ चा इन्फ्ल्यूएंझा या दोन खुणा. घरात 'साथीत गेले' एवढंच सांगत आले असतील तर आधी ही दोन सालं तपासा.

तारीख पक्की करा

मृत्यूचा दाखला कबर कुठे आहे ते सांगत नाही. त्यात नाव, मृत्यूची तारीख, मृत्यूचं ठिकाण, आईवडिलांची नावं, पत्ता आणि नोंदणी क्रमांक एवढंच असतं. तरी तो आधी काढायचा, कारण चर्चच्या वह्या तारखेच्या क्रमाने लावलेल्या असतात. तारीख हातात असली तर पाच मिनिटांचं काम, नसली तर अख्खी दुपार जाते आणि ऑफिसातला माणूसही वैतागतो.

नोंद मृत्यू झाला तिथे होते, माणूस राहत होता तिथे नाही. नगरचे आजोबा मुंबईच्या इस्पितळात वारले असतील तर त्यांची नोंद मुंबईत मिळेल, मग माती नगरला झालेली असली तरी. आजचा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याच्या आधीच्या नोंदी नगरपालिकांच्या आरोग्य खात्याकडे होत्या, आणि किती जुन्या वह्या शिल्लक आहेत हे गावागणिक बदलतं.

खेड्यातल्या माणसासाठी कोतवाल बुक मागा. जन्ममृत्यूच्या या जुन्या वहीला गाव नमुना नंबर १४ म्हणतात आणि ती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि वर्षानुवर्षं बांधून ठेवलेल्या या वह्यांचे गठ्ठे सुटले. त्याचा फायदा तुम्हालाही होतो: 'नमुना चौदा' म्हटल्यावर आता कारकून बुचकळ्यात पडत नाही. यात मयताचं नाव, जात, वय, तारीख आणि मृत्यूचं कारण मिळतं. कारणाच्या रकान्यात ताप, पटकी, देवी असे शब्द दिसतील. ख्रिस्ती माणसाच्या जातीच्या रकान्यात 'ख्रिस्ती' असेल किंवा बाप्तिस्म्यापूर्वीची जातही असू शकते, तेव्हा तेवढ्यावरून नोंद बाजूला सारू नका. जुनी पानं मोडीत असतात. मोडी वाचणारी माणसं आता जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्गही असतात, आणि ज्याला चार पिढ्या मागे जायचं आहे त्याने ते करायला हरकत नाही.

मराठवाड्यातल्या निजामी कागदांवर फसली साल असेल तर ५९० मिळवा, शक असेल तर ७८. वर्षाच्या शेवटाकडे एखाद्या वर्षाचा फरक पडतो, म्हणून पुढचंमागचं सालही पाहा.

कोणतं चर्च?

इथे सर्वात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

महाराष्ट्रात मिशनरी मंडळ्यांनी आपापले जिल्हे वाटून घेतल्यासारखं काम केलं. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईला आलं आणि १८३१ पासून नगरला स्थिरावलं. शिरूर, राहुरी, वडाळा, सातारा, सोलापूर ही त्यांचीच ठाणी. कोल्हापूर, मिरज, वेंगुर्ला या पट्ट्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन. नागपूर आणि जालना स्कॉटिश मिशनकडे. जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलं. नाशिकचं शरणपूर 'चर्च मिशनरी सोसायटी'चं, म्हणजे अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं). पुण्यात गुरुवार पेठेतली पाच हौदांची वसाहतही अँग्लिकनच. नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनच्या शेजारीच अँग्लिकन आणि जेझुइट कॅथलिक यांचंही काम होतं, त्यामुळे एका गावात सख्खे भाऊ दोन वेगवेगळ्या चर्चांत असू शकतात.

पुढे पाट्या बदलल्या. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झालं आणि अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या मंडळ्या असे बरेच प्रवाह त्यात मिळाले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बाहेर राहिले. म्हणून आजीच्या दाखल्यावर 'अमेरिकन मिशन चर्च' असलं तरी आज तुम्हाला सीएनआयच्या पाळकांकडे जावं लागेल. गावांचीही नावं बदलली आहेत. जुन्या वहीत आणि संगणकावर 'अहिल्यानगर' शोधून काही मिळणार नाही, तिथे 'अहमदनगर'च टाका. खडकीला 'किरकी', वसईला 'बसीन', ठाण्याला 'टाना', शिवडीला 'स्यूरी' ही इंग्रजी रूपंही हाताशी ठेवा.

मुंबई-वसईच्या कॅथलिकांच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. १७९४ पासून १९२८ पर्यंत मुंबईत दुहेरी धर्मसत्ता होती: काही चर्चेस पोर्तुगालच्या राजाच्या अधिकारातली, काही थेट रोमच्या. एकाच गावात दोन्ही पक्षांची चर्चेस शेजारी शेजारी उभी असत आणि दोघांच्या वह्या वेगळ्या. तुमच्या घराण्याचं आजचं चर्च एक, पण पणजोबा दुसऱ्यात गेले असतील. एका वहीत नोंद नसेल तर निराश होण्याआधी त्याच गावातलं दुसरं चर्च विचारा. १८८६ ते १९२८ या काळात वसई-साष्टीचा भाग दमणच्या धर्मप्रांतात होता, त्यामुळे जुन्या दाखल्यावर दमणचा शिक्का दिसला तर पूर्वज दमणला राहत होते असा अर्थ काढू नका. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत अगदी अलीकडचा, १९९८ चा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्याच्या मागच्या नोंदी मिळण्याची आशा मात्र फारशी धरू नये.

मुंबईतल्या प्रोटेस्टंटांसाठी शिवडी. ही दफनभूमी १८६० च्या दशकात सुरू झाली. व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स (मृत्यू १९००) तिथेच आहेत, आणि लोकमान्य टिळकांचे कॅथलिक सहकारी काका बॅप्टिस्टाही (मृत्यू १९३०), म्हणजे तिथे कॅथलिकही पुरले गेले. शिवडीच्या आधी इंग्रजी दफनभूमी गिरगावच्या कडेला सोनापूरला होती. भांडुपलाही एक सोनापूर आहे, म्हणून जुन्या नोंदीत 'सोनापूर' वाचून भांडुपची गाडी पकडणारे लोक मी पाहिले आहेत. तुम्हाला मरीन लाइन्सला उतरायचं आहे, आणि तिथेही त्या काळचं थडगं दिसेल ही अपेक्षा न ठेवता.

मिशनच्या आवारातच कबरी असतात, हेही लक्षात असू द्या. पंडिता रमाबाई १९२२ मध्ये केडगावला वारल्या, त्यांची कबर मुक्ती मिशनच्या आवारातच आहे. मिशनच्या शाळेत, दवाखान्यात, अनाथाश्रमात आयुष्य गेलेल्या माणसाची चौकशी आधी त्या संस्थेच्या ऑफिसात करावी. आणि ख्रिस्ती म्हणजे दफनच, असंही धरून चालू नये. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये मुंबईत वारले, त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांचं दहन झालं आणि अस्थी नगरला नेल्या.

ऑफिसात गेल्यावर

रविवारी जाऊ नका. उपासनेनंतर फादर किंवा पाळक चार माणसांच्या घोळक्यात असतात आणि कपाटाच्या किल्ल्या सेक्रेटरीकडे. आठवड्यातल्या दिवशी, आधी फोन करून, लेखी अर्ज घेऊन जा. अर्जात पूर्वजाचं नाव, नातं, आणि 'सन १९१६ ते १९२० मधील दफन नोंदवही पाहून उतारा मिळावा' असं नेमकं लिहा. 'आमच्या सगळ्या घराण्याची माहिती द्या' असा अर्ज ट्रेमध्ये पडून राहतो. चर्च हे सरकारी कार्यालय नव्हे, तेव्हा माहिती अधिकाराची धमकी तिथे चालत नाही. उलट चर्चच्या कामासाठी थोडी देणगी पाकिटात घालून दिली तर कुणाला वाईट वाटत नाही.

वही तुमच्या हातात देतीलच असं नाही, आणि त्यात गैर काही नाही. ती पानं वाळवीने खाल्लेली असतात, शाईने कागद जळालेला असतो. हात कोरडे ठेवा, थुंकी लावून पान उलटू नका, फोटो काढण्याआधी विचारा. फोटोला नकार मिळाला तर ओळ जशीच्या तशी कागदावर उतरवून घ्या. स्पेलिंगची चूकसुद्धा दुरुस्त न करता उतरवायची.

अँग्लिकन पद्धतीच्या वहीत साधारण असे रकाने येतात: मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, नाव, वय, धंदा, मृत्यूचं कारण, दफनाची जागा, विधी करणाऱ्याची सही. समजा ओळ अशी आहे: '१२ ऑक्टोबर १९१८, १३ ऑक्टोबर, शिमोन लक्ष्मण, ३५, शिक्षक, इन्फ्ल्यूएंझा'. यातून काय निघतं ते बघा. 'लक्ष्मण' हे आडनाव नव्हे, वडिलांचं नाव आहे, म्हणजे वडील बहुधा ख्रिस्ती झाले नव्हते किंवा उशिरा झाले. ३५ हे वय गोळाबेरीज समजा. त्या काळी वयं पाचाच्या पटीत सांगत, तेव्हा जन्मसाल तीन-चार वर्षं इकडेतिकडे धरा. शिक्षक म्हणजे मिशनच्या शाळेचा पगारपत्रक किंवा अहवाल कुठेतरी असणार. आणि ऑक्टोबर १९१८ म्हणजे साथीचा कडेलोट, तेव्हा त्याच पानावर त्याच वडिलांच्या नावाची, त्याच गावची आणखी माणसं सापडतील. मागची-पुढची दोन पानं वाचल्याशिवाय वही परत करू नका.

नावांची गंमत वेगळीच. याकोब इंग्रजी वहीत जेकब होतो आणि कधी चक्क जेम्सही. योहान जॉन होतो, मथुराबाई बाप्तिस्म्यानंतर मार्था होते. बायकांची नोंद अनेकदा 'अमक्याची पत्नी' एवढीच, म्हणून आजीला आजोबांच्या नावाखाली शोधा. वसईत एका धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीत) त्याच नावाचे आणि त्याच आडनावाचे दहा जण निघतात, तिथे वडिलांचं नाव, आजोबांचं नाव आणि आळी या तीन गोष्टी जुळल्याशिवाय 'हाच आपला' म्हणू नये. बाप्तिस्म्याआधी गेलेलं तान्हं मूल चर्चच्या वहीत बहुधा सापडत नाही, त्यासाठी पालिकेची नोंद किंवा कोतवाल बुक.

कॅथलिक वह्या लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये असतात, पण घाबरू नका. सगळी भाषा यावी लागत नाही, दहा-बारा शब्द पुरतात. लॅटिनमध्ये 'ओबीइत' म्हणजे वारला, 'सेपुल्तुस' म्हणजे पुरला, 'सेपुल्ता' म्हणजे पुरली. पोर्तुगीजमध्ये 'फालेसेउ' म्हणजे वारला, 'फिल्यु द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'विउव्हा' म्हणजे विधवा, 'ओबितु' म्हणजे मृत्यू. महिन्यांत एक फसवा खड्डा आहे: पोर्तुगीज लेखनिक सप्टेंबर लिहिताना सुरुवातीला ७ चा आकडा टाकून पुढे शब्दाचं शेपूट जोडतो, ऑक्टोबरला ८, नोव्हेंबरला ९ आणि डिसेंबरला १० चा रोमन आकडा. नवखे लोक ७ पाहून जुलै समजतात आणि दोन महिने मागे जातात. जुन्या चर्चच्या फरशीवर 'सेपुल्तुरा' ने सुरू होणारा आणि 'एर्देइरुश' ने संपणारा दगड असेल तर ती त्या माणसाची आणि त्याच्या वारसांची कबर, म्हणजे एकाच दगडाखाली घराण्याच्या दोन-तीन पिढ्या.

वही हरवली असेल तर

वाळवी, पूर, चर्चची डागडुजी, काहीही होऊ शकतं. अशा वेळी नक्कल शोधायची. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे ब्रिटिश सरकारच्या काळात मुंबई इलाख्यातल्या चॅप्लेनकडून (सरकारी पाळकांकडून) बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. नावं बहुतेक युरोपियन आणि अँग्लो-इंडियन असली तरी देशी ख्रिस्तीही त्यात अधूनमधून सापडतात. त्या फाइंडमायपास्ट या पैसे भरून वापरायच्या संकेतस्थळावर आहेत. फॅमिलीसर्च फुकट आहे, फक्त खातं उघडावं लागतं. तिथे भारतातल्या मृत्यू आणि दफनांची सूची मिळते आणि गोव्याच्या चर्चांच्या नोंदींची चित्रंही. फिबिस ही ब्रिटिश भारतातल्या घराण्यांचा शोध घेणाऱ्यांची संस्था आहे, आणि १९७६ मध्ये स्थापन झालेली बॅक्सा दक्षिण आशियातल्या युरोपियन दफनभूमींच्या शिलालेखांची नोंद ठेवते. आडनाव साहेबी वळणाचं असेल तर या दोन्हीकडे जरूर बघा.

गोव्यात काम सोपं जातं. तिथे १९१४ पासून सक्तीची नागरी नोंदणी आहे, आणि जुनी कागदपत्रं पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहेत.

आता दफनभूमीत

ओळ सापडली, तारीख सापडली. आता दफनभूमीची स्वतःची वही विचारा. मोठ्या दफनभूमींत चर्चच्या वहीहून वेगळी, ब्लॉक, रांग आणि कबर क्रमांक लिहिलेली वही असते. लहान गावात ती नसते, तिथे कबर खणणारा हीच वही. त्याचे वडीलही बहुधा तेच काम करत. त्याला तारीख सांगून उपयोग नाही, 'मास्तरांची कबर', 'मिशनच्या डॉक्टरीणबाईंच्या शेजारची' असं बोला.

पावसाळ्यात जाऊ नका. गवत कमरेइतकं, खाली सापविंचू आणि खचलेल्या कबरी. कॅथलिकांसाठी सर्वात चांगला दिवस २ नोव्हेंबर, सर्व मृतांचा दिवस. त्याआधी आठवडाभर गवत कापलेलं असतं, क्रूस रंगवलेले असतात आणि त्या दिवशी गावातली सगळी जुनी माणसं मेणबत्त्या घेऊन तिथे हजर असतात. एरवी ज्या चौकशीला महिना लागेल ती तिथे संध्याकाळभरात होते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत काही ठिकाणी ईस्टरच्या पहाटे लोक दफनभूमीत जमतात, तोही मोका.

दगड वाचायला ऊन तिरपं हवं: सकाळी लवकर किंवा चारनंतर. दुपारच्या टळटळीत उन्हात कोरीव अक्षरं सपाट दिसतात. झाडाखालच्या दगडावर मोबाईलची बॅटरी अगदी कडेने, दगडाला जवळजवळ टेकवून मारा, अक्षरांच्या सावल्या पडतात. साधं पाणी आणि मऊ ब्रश एवढंच वापरा. खडू, शेवाळ काढायला अॅसिड, तारेचा ब्रश, यांतलं काहीही नको. संगमरवरावर शिशाची अक्षरं बसवलेली असत, ती गळून पडली की गोंधळ उडतो. पण प्रत्येक अक्षर पक्कं करायला दगडाला बारीक भोकं पाडलेली असतात. त्या भोकांच्या रचनेवरून अक्षर ओळखता येतं. कागदावर भोकं उतरवून घरी निवांत जुळवा. दगडाच्या मागच्या बाजूला, तळाशी कारागिराचं नाव असतं, तेही टिपा. शेजारच्या चारही कबरींचे फोटो घ्या, बहुतेकदा तिथे नातेवाईकच निघतात.

बेने इस्रायल, शिपाई आणि इतर

बेने इस्रायल घराण्यांना आडनावच वाट दाखवतं. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, केहिमकर, म्हणजे रायगडातलं ते गाव आधी. पूर्वज समुद्रातून जिथे किनाऱ्याला लागले असं परंपरा सांगते, त्या अलिबागजवळच्या नवगावला समाजाची प्राचीन दफनभूमी आहे. मुंबईत चिंचपोकळी आणि वरळी इथे पाहावं. दगडांवर हिब्रू आणि मराठी दोन्ही असतात. हिब्रू साल अक्षरांत असतं आणि हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो. अक्षरांची किंमत जोडली आणि ६८५ आले तर ते ५६८५. त्यातून ३७६० वजा केले की १९२५. मृत्यू सप्टेंबर ते डिसेंबरमधला असेल तर इसवी सन एकाने मागे येतं. घरातले बरेच लोक इस्रायलला गेले असतील तर तिथल्या म्हाताऱ्यांना फोन करा. कुणाची कबर कुठे, याची माहिती अनेकदा इथल्यापेक्षा तिथेच जास्त असते.

पहिल्या महायुद्धात गेलेल्या शिपायांचा प्रश्न महाराष्ट्रात घरोघरी आहे, सातारा-रत्नागिरीत तर विशेष. हिंदू शिपायाचं दहन झालेलं असणार, म्हणून कबर न शोधता स्मारकावरचं नाव शोधायचं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. 'मराठा'चं जुनं इंग्रजी स्पेलिंग वापरा, त्यात 'आर'च्या आधी 'एच' येतो. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ हे पलटणींचे क्रमांक लक्षात ठेवा, १९२२ मध्ये त्यांची फेररचना होऊन पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३, ११० आणि ११७ मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) कुतच्या वेढ्यात होत्या. तिकडे गेलेल्यांचं स्मारक बसऱ्याला, त्यावर ४०,००० हून अधिक माणसांची नोंद आहे. पण देशी शिपायांची नावं तिथल्या दगडावर कोरलीच नाहीत, फक्त पलटणीगणिक आकडे घातले. नावं कमिशनच्या नोंदपुस्तकात आहेत. तेव्हा कुणी बसऱ्याचा फोटो पाठवून 'आपलं नाव नाही' म्हणालं तरी शोध थांबवू नका. गावात 'इथून इतके गेले, त्यातले इतके कामी आले' अशी संगमरवरी पाटी असेल तर ती आधी वाचा. भारतात वारलेल्या सैनिकांसाठी खडकीचं युद्ध स्मशान पाहावं. दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या कबरींची इतरत्र कायमची निगा राखता येणार नव्हती, त्या तिथे एकत्र आणल्या आहेत. म्हणजे देवळालीला पुरलेला माणूस आज खडकीत असू शकतो.

मुस्लिम घराण्यांनी जमातीच्या किंवा कब्रस्तानाच्या ट्रस्टकडे चौकशी करावी. कबर कच्चीच ठेवण्याची रीत असल्याने इथेही दगडापेक्षा वही मोलाची. लिंगायत, गोसावी, महानुभाव यांच्यातही दफन किंवा समाधीची परंपरा आहे. दक्षिण महाराष्ट्रात वंशावळ सांगत फिरणारे हेळवी अजून येतात. आले की त्यांना दाराशी बसवा, चहा द्या आणि वही उघडायला सांगा. समाजाची दफनभूमी नेमकी कुठे होती हेच विस्मृतीत गेलं असेल तर सातबारा आणि भूमी अभिलेख कार्यालयातला जुना गाव नकाशा काढा, त्यावर कब्रस्तान, दफनभूमी अशा नोंदी दाखवलेल्या असतात.

सापडल्यावर

चर्चकडून सही-शिक्क्याचा उतारा घ्या आणि त्यावर वहीचा क्रमांक, पान आणि ओळ लिहून मागा, म्हणजे पुढच्याला पुन्हा सगळं उपसावं लागणार नाही. मोबाईलवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपा, पण झाडाची किंवा भिंतीची खूणही लिहा. कबरीवर नवा दगड बसवायचा असेल तर आधी कमिटीची लेखी परवानगी. पुन्हा वापरायच्या कबरीवर ती मिळत नाही, अशा वेळी कोनाड्यावर किंवा भिंतीवर छोटी पाटी बसवता येते का ते विचारा. त्याचे दर ठरलेले असतात आणि पावती मिळते. पावती उताऱ्याच्याच फाइलीत ठेवा, कारण काही वर्षांनी नूतनीकरणाचे पैसे भरताना ऑफिसातला नवा माणूस तीच मागेल.